‘राजासुद्धा’ की ‘राजा सोडून’?

वनस्पतींना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची पद्धत रूढ करणारा कार्ल लिनियस आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो. हाच लिनियस १७३२ साली, पंचविशीत, स्वीडनच्या उत्तरेला लॅपलंडमध्ये हिंडत होता. झाडपाला गोळा करता करता सामी लोक एका पटावर डाव मांडून बसलेले त्याने पाहिले. त्यांची भाषा त्याला येत नव्हती. तरीही त्याने पटाची आकृती काढली आणि नियम लॅटिनमध्ये टिपून ठेवले. खेळाचे नाव ‘तबलुत’.

ही टिपणे फार मोलाची ठरली. व्हायकिंग लोकांचा ‘ह्नेफाटाफ्ल’ हा याच कुळातला खेळ. ‘ह्नेफी’ म्हणजे मूठ, हे राजाच्या सोंगटीचे नाव. ‘टाफ्ल’ म्हणजे पट, मूळ लॅटिन ‘ताबुला’. नॉर्वेतल्या गोकस्टाड जहाजात पटाचा तुकडा मिळाला, आयर्लंडमध्ये बॅलिंडेरी येथे १९३२ साली सात बाय सात भोकांचा अख्खा लाकडी पट मिळाला. आइसलंडच्या सागांमध्ये तर या खेळावर कोडीही आहेत. पण पट आणि सोंगट्या मातीतून वर येतात, नियम येत नाहीत. बुद्धिबळ (आपल्याकडचे चतुरंगच, इराण आणि अरबस्तानमार्गे गेलेले) उत्तरेत पोहोचले आणि हा खेळ हळूहळू मागे पडला. तो कसा खेळत, हे सांगणारी तपशीलवार नोंद म्हणून लिनियसच्या रोजनिशीकडेच वळावे लागते.

आता खेळ. पट नऊ बाय नऊ घरांचा. मधले घर हा किल्ला, त्यात राजा. राजाच्या चारही दिशांना दोन दोन असे आठ रक्षक, म्हणजे अधिकाच्या चिन्हासारखी मांडणी. लिनियसच्या टिपणात हे ‘स्वीड’. पटाच्या चारही कडांना मध्यभागी तीन आणि मधल्याच्या पुढे एक, असे चार चार मिळून सोळा हल्लेखोर. हे ‘मस्कोवाइट’, म्हणजे रशियन. सामी लोकांच्या खेळात शेजारच्या दोन सत्तांचे वैर येऊन बसले होते!

सगळ्या सोंगट्या, राजाही, बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ चालतात; उडी मारत नाहीत. किल्ल्यात राजाखेरीज कुणी बसायचे नाही. शत्रूच्या सोंगटीला समोरासमोरच्या दोन बाजूंनी आपल्या दोन सोंगट्यांमध्ये पकडले की ती मेली. राजा कडेच्या कुठल्याही घरात पोहोचला की स्वीड जिंकले. राजा पकडला गेला की मस्कोवाइट. कडेपर्यंत एक वाट मोकळी झाली तर राजाच्या खेळाडूने ‘राइखी’ म्हणायचे, म्हणजे आपला ‘शह’च जणू. दोन वाटा मोकळ्या झाल्या तर ‘तुइखू’. मग डाव संपलाच, कारण एका चालीत दोन वाटा बुजवता येत नाहीत.

आपल्या वाघबकरीत वाघ थोडे आणि बकऱ्या फार. इथेही तसेच विषम बळ. ज्याने लहानपणी बकऱ्या हाकल्या आहेत त्याला हल्लेखोरांचे मर्म चटकन कळेल: मारामारीची घाई करू नये, आधी वाटा अडवाव्यात. सोंगट्या सरळच चालत असल्याने तिरक्या रांगेत, कोपऱ्याला कोपरा लावून उभी केलेली माणसे भिंतीचे काम करतात. मधून कुणीच निसटू शकत नाही. याउलट राजाने रक्षकांच्या गराड्यात बसून राहू नये. रक्षकांचा खरा उपयोग रांगा मोकळ्या करण्यासाठी, प्रसंगी स्वतः मरून.

माझ्या पुतणीबरोबर पुठ्ठ्याच्या पटावर मी हा खेळ सुरू केला तेव्हा एक गोष्ट खटकली. राजा दर वेळी जिंकायचा. आम्ही वाचलेल्या नियमांप्रमाणे राजाला मारायला चारही बाजूंनी वेढावे लागे, आणि मोकळ्या पटावर ते जवळजवळ अशक्य. मला वाटले, आपलीच अक्कल कमी पडतेय.

चूक आमची नव्हती. लिनियसच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने विकत घेतला आणि १८११ साली ही रोजनिशी इंग्रजीत प्रसिद्ध केली. दोन सोंगट्यांमध्ये सापडलेला मरतो, ‘राजासुद्धा’, असे लिनियसने लिहिले होते. भाषांतरात त्याचे ‘राजा सोडून’ झाले. एच. जे. आर. मरे या बुद्धिबळाच्या थोर इतिहासकाराने १९१३च्या ग्रंथात तेच भाषांतर घेतले, आणि मरेच घेतो म्हटल्यावर पुढच्यांनी कशाला शंका घ्यावी? विसाव्या शतकात मग हा तोल गेलेला खेळ सावरण्यासाठी नाना नियम रचले गेले. राजाने कडेला नव्हे, कोपऱ्यातच पोहोचावे, हा त्यातलाच एक. ते खेळ वाईट नाहीत. पण ते लिनियसने पाहिलेले तबलुत नव्हे.

मूळ लॅटिनमध्ये अपवाद दोनच. राजा किल्ल्यात असेल तर चार बाजूंनी वेढावा, किल्ल्याला लागून असेल तर उरलेल्या तीन बाजूंनी. त्यापलीकडे तो साध्या शिपायासारखाच मरतो.

हे कळल्यावर पुतणीला पुन्हा पटावर बसवले. ‘काका, तुम्हीच राजा घ्या,’ म्हणाली. सवयीने मी राजाला एकट्यालाच मैदानात काढला आणि कडेपासून दोन घरांवर तो तिच्या दोन सोंगट्यांमध्ये सापडला.