बालकंठातील देशाचे गाणे

वर्षातील काही काळ नळदुर्गास मुक्कामाला जाणारा खंडोबा हे अणदूरचे ग्रामदैवत. त्याच्या जागरणात वाघ्या दिमडी वाजवतो, मुरळी घंटी हलवते आणि तुणतुणे साथ धरते. कडेला बसलेली मुले ते गाणे केव्हा शिकतात, हे कोणासही सांगता यावयाचे नाही. परंतु हेच गाणे दूरदेशीच्या श्रोत्यांपुढे म्हटले तर? ज्याला त्यातील एकही शब्द उमगत नाही, तो त्याला गुण देईल काय?

युरोपातील मुलांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. तेथील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने २००३ साली कोपनहेगन येथे ‘ज्युनियर युरोव्हिजन’ नावाची बालगायकांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी १६ देश आले. प्रत्येक देशाने एकच गीत पाठवावयाचे, आणि तेही आपल्या भाषेतले! त्या वर्षी क्रोएशियाचा दिनो येलुसिच हा अकरा वर्षांचा मुलगा स्वतः रचलेले गीत गाऊन पहिला आला. प्रेक्षक दूरध्वनीवरून मते देत. मात्र स्वतःच्या देशाला मत देण्याची त्यांना मुभा नव्हती. नियम मोठा शहाणपणाचा! नाहीतर जो देश मोठा, तोच जिंकता.

पुढे २००८ साली जॉर्जिया या चिमुकल्या देशाने निराळीच युक्ती केली. सायप्रस बेटावरील लिमासोल येथे त्याची तीन मुले मधमाश्यांसारखा वेष करून रंगमंचावर आली. त्यांच्या गीतातील शब्द कोणत्याच भाषेतले नव्हते. होती ती केवळ माश्यांची गुणगुण. ती सर्वांना सारखीच कळली, किंवा सारखीच कळली नाही असे म्हणा. जॉर्जिया पहिला आला.

त्याच हिवाळ्यात महाराष्ट्रातील घराघरांत झी मराठी वाहिनीवरील ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ ही स्पर्धा पाहिली जात होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि अणदूरच्या शेजारच्या जिल्ह्यातील, लातूरचा रोहित राऊत, असे पाच गायक अंतिम फेरीत पोहोचले. येथे भाषेची अडचण नव्हती. अडचण होती ती आपलेपणाची. मोबाइलवरून मते येत, आणि आपल्या गावच्या मुलाला मत देण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तेव्हा मत गळ्याला पडले की गावाला, हे कसे ओळखावे? ८ फेब्रुवारी २००९ रोजी कार्तिकी विजयी झाली. अभंग, गवळण, भारूड हा तिच्या गाण्याचा गाभा होता. वारकऱ्यांच्या आळंदीतील मुलीने तो कोठून उचलला, हे सांगावयास नको.

अशा स्पर्धांत वयाचे बंधन असते. युरोपात ते आता ९ ते १४ वर्षे आहे. त्यामागे शरीराचेही एक कारण आहे. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. यालाच आवाज फुटणे म्हणतात. काल सहज लागणारा तारस्वर आज घशातच अडतो, आणि गायकाला आपलाच आवाज नव्याने ओळखून घ्यावा लागतो.

भारत युरोपातील त्या स्पर्धेत कधी उतरलेला नाही. परंतु महाराष्ट्रातील त्या पाचही जणांचे गाणे पुढे चालू राहिले. २०२१ साली हीच स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा ते पाचही जण परीक्षकांच्या आसनांवर बसले होते. समोर नवी मुले गात होती, आणि गुण देण्याची पाळी आता त्यांची होती.