काळी वाळू, लाल पट्टा आणि करंट

निरगुडसरला ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवलं की काळे बारीक कण चिकटतात. आम्ही त्याला 'लोखंडाचा भुगा' म्हणायचो. खरं तर तो मॅग्नेटाइट, थोडं टायटॅनियम मिसळलेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून आलेला.

मित्रांनो, गेरूतलं हेमॅटाइटसुद्धा लोखंड आणि ऑक्सिजनच. पण नेहमीच्या तापमानाला मॅग्नेटाइट त्याच्यापेक्षा लाखो पटींनी चांगला वाहक! फरक पडतो ऑक्सिजनमुळे. भरपूर ऑक्सिजन मिळाला की लोखंडाचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. ते झालं हेमॅटाइट. ऑक्सिजन कमी असेल तर काही अणू दोनच देतात. मॅग्नेटाइटमध्ये तिनांतला एक अणू असा असतो. त्याचा राखलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर उडी मारतो, तिथून पुढच्यावर. झाला करंट सुरू.

एसटीचं उदाहरण घ्या. हेमॅटाइट म्हणजे रिकामी एसटी, जागा बदलायला प्रवासीच नाहीत. मॅग्नेटाइट अर्धी भरलेली. पण ऑलिव्हिनमध्ये जवळजवळ सगळं लोखंड दोन-देणारं, म्हणजे एसटी खचाखच. तिथे उलट जरा ऑक्सिजन वाढला तर एखादी सीट रिकामी होते आणि हालचाल सुरू होते. म्हणून 'ऑक्सिजन कमी, करंट जास्त' असं सरसकट परीक्षेत लिहू नका.

टायटॅनियम डायऑक्साइडची तऱ्हा आणखी वेगळी. कमी ऑक्सिजनमध्ये तापवला की जाळीतून ऑक्सिजनचे अणूच निघून जातात, आणि प्रत्येक जण दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. पांढरी पूड निळी-काळी पडते, रेझिस्टन्स उतरतो. काही गाड्यांच्या एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर याच तत्त्वावर चालायचे. (बहुतेक गाड्यांत मात्र झिर्कोनियाचे, त्यांचं काम निराळं.)

आता गावाकडचा प्रश्न. बोअर घेण्याआधी रेझिस्टिव्हिटी मीटर लावतात. रीडिंग कमी आलं की कुणीतरी म्हणतं, "काळा दगड आहे, त्यातल्या लोखंडामुळे असेल." तसं नसतं. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण सुटे सुटे विखुरलेले, एकमेकांना टेकलेले नाहीत. त्यामुळे अख्खा कातळ करंटला अडवतोच. रीडिंग उतरतं ते भेगांतल्या क्षारयुक्त पाण्यामुळे, नाहीतर चिकणमातीमुळे.

आणि खरी मेख चिकणमातीतच आहे. घाटात रस्ता कापलाय तिथे काळ्या थरांमध्ये लाल पट्टा दिसतो, तो बोल. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात हवा-पाण्याने कुजलेला, हेमॅटाइटमुळे लाल झालेला. हेमॅटाइट वाहक नाही, तरी बोलचं रीडिंग कमीच येतं, कारण त्यातली चिकणमाती ओल धरून ठेवते. धरून ठेवते, सोडत मात्र नाही! मीटरवर तो पाण्यासारखा दिसतो आणि बोअर कोरडी जाते. एवढा खर्च करायचा तर नुसत्या आकड्यावर जाऊ नये. शेजारच्या विहिरीत उतरून लाल पट्टा किती फुटांवर आहे ते आधी बघावं. त्याला पैसे पडत नाहीत.