डाग कधी वाढतो?

मे सरत आला की संपादकांना पावसाळा आठवतो. हॉटेलवाले पावसाची तयारी कशी करतात ते बघून या, म्हणून मला दादरला धाडलं गेलं. ताडपत्री, वाळूच्या पिशव्या, उंबऱ्याला लावायच्या फळ्या असं चित्र मनात धरून मी गेलो, आणि ते सगळं होतंही. हिंदमाताच्या बाजूचा जुना हॉटेलवाला पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३, हे त्याला वेधशाळेइतकं पाठ असतं. पिठाची पोती फळ्यांवर, फ्रीजचे प्लग कमरेच्या वर, गटार तुंबलं की मागे फिरणारं पाणी अडवायला ड्रेनेजच्या पाइपात झडप. लेख इथेच झाला असता.

पण ज्या हॉटेलात मी रेंगाळलो, त्याच्या मालकांना रस्त्यावरच्या पाण्याची फारशी फिकीर नव्हती. त्यांची नजर फॅमिली रूमच्या फॉल्स सीलिंगवर होती. तिथे एक तपकिरी डाग होता, कडेला गडद आणि आत फिकट. जिप्समच्या बोर्डातून पाणी पसरतं तेव्हा मळ आणि क्षार ते कडेकडे ढकलत नेतं आणि सुकताना तिथेच टाकून जातं. म्हणून काठ काळा पडतो. एकात एक अशा जितक्या कडा, निदान तितक्या वेळा तो बोर्ड भिजून वाळलेला. इथे पाच कडा मोजता येत होत्या, आणि त्याही शेवटचा रंग मारल्यानंतरच्या.

इमारत तळमजला अधिक तीन, १९४० च्या आधीची, सागवानी तुळयांची, पागडीची. म्हणजे उपकर भरणारी, आणि डागडुजीसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे बघणारी. हॉटेलात साबुदाणा वडा, थालीपीठ, पियूष, दुपारी थाळी. पोटमाळ्यावर भांडी घासायची मोरी, तिच्याखाली ही फॅमिली रूम. मोरीच्या वर, पहिल्या मजल्यावर, एका भाडेकरूंची न्हाणी. मालकांचा संशय वरच्या न्हाणीवर होता आणि त्यावरून जिन्यात बोलाचालीही झाली होती.

"साहेब, डाग बघायचा नाय," गळती शोधायला बोलावलेले मिस्त्री म्हणाले. "डाग कधी वाढतो ते बघायचं."

हे मिस्त्री मूळचे ओडिशातल्या केंद्रपाड्याचे. त्या जिल्ह्याने देशभर प्लंबर पाठवलेत. तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. संस्थेबद्दल विचारलं तर हसले. ते मामाच्या हाताखाली शिकले, बिडाच्या पाइपांच्या सांध्यात सुतळी ठोकून वर शिसं ओतायचे त्या काळात. आयुष्य मुंबईत गेलं. मराठी बोलतात ते हॉटेलांच्या मागच्या दारांनी शिकवलेलं. आता निम्मं काम गळती शोधायचं, कारण जोडणारे खूप आहेत.

त्यांची पद्धत घड्याळाची आहे. रात्रंदिवस एकसारखं ठिबकत असेल तर दाबाखालचा, म्हणजे नळाचा पाइप. कुणी वापरल्यावरच ठिबकत असेल तर सांडपाण्याचा. पावसानंतर तास-दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येत असेल तर गच्ची नाहीतर बाहेरची भिंत. आणि सकाळी हॉल थंड असताना काही नाही, दुपारी एसी लागला की टपटप, तर एसीचा पाण्याचा ट्रे शेवाळाने तुंबलेला. पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येऊन टाकी भरतं, त्यामुळे मीटरचा आकडा रात्रभराची गळती सांगत नाही. म्हणून हॉटेल बंद झालं की ते टाकीत येणारं पाणी बंद करतात, आतल्या भिंतीवर खडूने रेघ मारतात आणि पहाटे पुन्हा बघतात. रेघेखाली पाणी गेलं असेल तर कुठेतरी पाइप पितोय.

भिंतीवरची ओल आतून येते की बाहेरच्या वाफेची, यासाठी त्यांच्याकडे हातभर प्लास्टिक आणि चिकटपट्टी. चारी बाजूंनी बंद करून दिवसभर ठेवायचं. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दव आलं तर ओल भिंतीतली. वरच्या अंगाला आलं तर ती स्वयंपाकघराची वाफ, मग प्लंबर नको, पंखा हवा. मालकांनी आधी एका कंपनीला बोलावलं होतं. त्यांनी थर्मल कॅमेरा आणला. तो कॅमेरा पाणी बघत नाही, तापमान बघतो. ओली जागा बाष्पीभवनाने थंड पडते म्हणून निळी दिसते. पण एका बाजूला भट्टी आणि दुसऱ्या बाजूला डीप फ्रीझर असलेल्या भिंतीला तो काय सांगणार? अहवाल रंगीत आला. ओल मोजायच्या सुयांनीही सगळी भिंत चिंब दाखवली, कारण तिला लोणा लागलेला आणि क्षारांतून वीज सहज वाहते.

मिस्त्रींनी मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये लाल रंगाची पुडी ओतली आणि वरच्या भाडेकरूंना त्या दिवशी न्हाणी हवी तशी वापरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या थाळीच्या गर्दीत डागाला सहावी कडा आली. गुलाबी.

मी अडकलो तो या ट्रॅपमध्ये. तसं बघितलं तर जमिनीत पुरलेली वाटी. तिच्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि गटाराचा वास, झुरळं खाली अडवतं. वाटी सहसा फुटत नाही. फट पडते ती तिच्याभोवतीच्या गोल सांध्यात, जिथे पीव्हीसीचा पाइप कोब्यातून खाली उतरतो. हॉटेलात भांड्यांवर उकळतं पाणी मारतात, भाताची पेज ओततात. आणि साधं पीव्हीसी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. तीन मीटर लांबीचा पाइप ५० अंशांनी तापला तर सेंटीमीटरभर वाढतो. तेवढ्याच लांबीचा कोबा दीड मिलिमीटर. हे दिवसातून कितीदा तरी. पाइप ढकलतो, आखडतो, आणि सिमेंट त्याला धरून ठेवायचं सोडून देतं. वर लादी चकचकीत, जाळी स्टीलची, घासणाऱ्या मुलाला काही दिसत नाही. पाणी जाळीतून जातंच, थोडं जाळीच्या बाजूनेही जातं. त्यातच तूप-तेल पाइपात थिजतं, पाणी तुंबून उभं राहतं आणि फटीला आणखी वेळ मिळतो. ग्रीस ट्रॅप होता. तो उपसायचा ठरलेला दिवस कुणालाच आठवत नव्हता.

खुणा मात्र आधीपासून बोलत होत्या. मिस्त्रींनी मला त्या फिरून दाखवल्या. मोरीजवळच्या चार लाद्या ठोकल्या तर पोकळ वाजत होत्या. लाद्यांमधली भर तेवढ्याच भागात काळी. खालच्या खोलीच्या दाराची चौकट तळाशी फुगलेली, दार घासत होतं म्हणून सुताराने ते दोनदा रंधून दिलेलं. गल्ल्याच्या प्लायवूडला कुबट वास. आणि भांडी धुऊन झाल्यावर वीजगळतीचा स्विच अधूनमधून पडायचा. इलेक्ट्रिशियनने स्विच बदलून दिला होता. सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, तिघेही एकाच पाण्याचे पैसे घेऊन गेले. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत, अनुसूची ४ मध्ये, छत आणि भिंती धड असाव्यात, रंगाचे पोपडे आणि गिलावा निघत नसावा असं लिहिलंय. त्यामुळे पोपडा दिसला की हॉटेलवाला पोपडा काढतो. नियम पाळला जातो आणि ओल आत राहते. दोष एकट्या मालकांना द्यावा असं मला वाटत नाही. तपासायला येणारा छताकडे बघतो, छताच्या वर बघायची जबाबदारी कुणाचीच नाही.

आता दुरुस्ती. लाद्या उखडायच्या, कोबा फोडायचा, ट्रॅप बदलून गरम पाण्याला टिकेल असा पाइप घ्यायचा, भोवती आकसणार नाही असा मसाला भरायचा, भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्याला गोल वाटा काढायचा, ट्रॅपकडे मीटरला सेंटीमीटरचा ढाळ ठेवायचा. मग ट्रॅप बंद करून मोरीत पाणी भरायचं आणि ४८ तास तसंच ठेवायचं. मालकांना बाकी सगळं पटलं. हे ४८ तास पटेनात.

"मिस्त्री, भरलेलं पाणी बघत बसायला मी हॉटेल बंद ठेवू?"

"नाय ठेवलं तर मी काम नाय घेणार. गिऱ्हाईक तपासेल मग."

पत्रावळींचा विचार झाला. मागच्या बोळात भांडी घासायचा झाला आणि रद्दही झाला. तिथे घासलेलं ताट कुणाला वाढणार? गणपतीनंतर करू, असंही मालक म्हणाले. त्यावर मिस्त्रींनी फॉल्स सीलिंगचा एक बोर्ड उतरवला. मोरीचे गर्डर ज्या सागवानी तुळईवर टेकले होते, तिचं भिंतीत गेलेलं टोक वरून सुकं दिसत होतं. त्यांनी त्यात स्क्रूड्रायव्हर दाबला. मुठीपर्यंत आत गेला.

त्यानंतर हे ट्रॅपचं प्रकरण राहिलं नाही. इंजिनिअर आले, तुळईखाली लोखंडी टेकू लागला, बरोबर दोन टेबलांच्या मधोमध. टेबलं सरकवून बाकडं टाकलं आणि धंदा सुरू राहिला. तुळई बदलायची तर वरच्या भाडेकरूंच्या न्हाणीची जमीनही उघडावी लागणार, कारण तिच्या भिंतीचा भार त्याच तुळईवर. आरोप खोटा ठरलेल्या त्या गृहस्थांकडे आता परवानगी मागायला जायचं होतं. ते म्हणाले, लेखी द्या, आणि आधी माफी. माफी त्याच संध्याकाळी पियूषसकट पोचली. लेखी द्यायला घरमालकाची सही लागते. घरमालक म्हणजे सात वारस. दोघे परदेशात, दोघांचा आपसात दावा चालू. दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करायचा पर्याय आहे, पण तिथे पावसाळ्याच्या तोंडावर रांग कसली असते ते मालकांना ठाऊक होतं.

मिस्त्रींनी तोवर एवढंच केलं: मोरीतलं उकळतं पाणी बंद करवलं, ट्रॅपला झाकण घट्ट बसवलं आणि भांडी घासायला दोन खोल सिंक आणून त्यांचा पाइप ट्रॅपला वळसा घालून थेट बाहेरच्या उभ्या पाइपात सोडला. याचे पैसे त्यांनी अर्धेच घेतले. उरलेले ४८ तासांचं पाणी भरेन तेव्हा, म्हणाले.