उन्हाळा आणि वृद्धांचा व्यायाम

चैत्र सरत आला कीं साठी ओलांडलेल्या मंडळींचे दोन तट पडतात. कांहीं जण ‘आतां मिरगापर्यंत पुरे’ असें म्हणून फिरणें, आसनें, सारें बंद करतात. दुसरे कांहीं, तीस वर्षांचा नेम मोडावयाचा नाहीं ह्या निश्चयानें, नऊ वाजतां भर उन्हांत टेकडी चढून येतात. धोका दोहींकडे आहे. उतारवयांत स्नायू एकदां झडले म्हणजे पुन्हा मिळविण्यास फार काळ लागतो, आणि दोन महिने बसून राहिलेला वृद्ध पावसाळ्यांत ओल्या फरशीवर तोल सांवरूं शकत नाहीं. उलटपक्षीं, ऊन न जुमानणाऱ्याचा घात एका सकाळींच होऊं शकतो. तेव्हां व्यायाम चालू तर ठेवावयाचा, पण कोणत्या खुणेवर थांबावयाचें, हें आधीं ठरवून घेतलें पाहिजे.

स्नायूंनीं काम केलें कीं त्यांत उष्णता उत्पन्न होते. ती रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते व तेथें घाम वाळतांना बाहेर पडते. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. अंगावरून नुसता ओघळलेला घाम देह थंड करीत नाहीं. पाणी आणि मीठ तेवढें घेऊन जातो.

वय वाढतें तशी ही व्यवस्था ढिली पडते. कातडीकडे रक्त कमी वाहतें, घाम कमी सुटतो, हृदयाची राखीव शक्ति उणी होते; आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे तहान उशिरां लागते. तरुणाला त्याचा देह वेळेवर सूचना देतो, वृद्धाला ती उशिरां मिळते. ‘मला कांहीं होत नाहीं’ हें वृद्धाचें बोलणें प्रामाणिक असतें, परंतु त्यावर विसंबतां येत नाहीं. म्हणून वृद्धानें अंगच्या जाणिवेपेक्षां घड्याळ, माप आणि सोबत्याची नजर ह्या तिहींवर भरंवसा ठेवावा.

प्रथम घड्याळ. उन्हाळ्यांत व्यायामाची खरी वेळ पहांटे साडेपांच ते सात ही होय. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) ह्यांनीं ज्या सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेहि सूर्योदयाच्या वेळींच शोभतात. मात्र ज्यांना वांकतांना चक्कर येते त्यांनीं ते घालूं नयेत. संध्याकाळीं ऊन उतरलें तरी भिंती व डांबरी रस्ते बराच वेळ उष्णता सोडीत राहतात, हें विसरूं नये.

नुसत्या पाऱ्यावरहि विसंबून चालत नाहीं. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यांत पारा कित्येकदां ४५ अंशांपुढें जातो. तेथील कोरड्या हवेंत घाम इतका झटकन वाळतो कीं तो आला होता हेंहि कळत नाहीं. कोंकणांत पारा ३४ वर असला तरी दमट हवेंत घाम वाळतच नाहीं. ह्याच कारणास्तव हवामान खातें सपाट मुलखांत उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करतें, तर किनाऱ्यावर ३७ पासून. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें मोकळ्या मैदानावर भर उन्हांत झालेल्या समारंभानंतर उष्माघातानें १० हून अधिक माणसें दगावलीं. त्या गर्दींतील बहुतेक लोक नुसते बसलेले होते.

दुसरें माप. आठवड्यास १५० मिनिटें मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वृद्धांसहि लागू आहे. पण ती दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांनीं पुरी करण्यास हरकत नाहीं. चालतांना बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये, इतकाच वेग असावा. देहाला उष्णतेची संवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यांत नेहमींच्या निम्मेंच करावें. रात्रहि तापलेली गेली, तर त्या दिवशीं घरींच खुर्चीवरून दहा वेळां उठावें-बसावें, भिंतीला हात टेकून टाचा उचलाव्या.

पाणीहि मापानें घ्यावें : निघण्यापूर्वीं एक पेला, मग दर पंधरा-वीस मिनिटांनीं थोडेंथोडें. लघवी गडद पिवळी होऊं लागली तर पाणी कमी पडत आहे असें समजावें. ताक, पन्हें उत्तम. परंतु रक्तदाब असणाऱ्यांनीं मिठाचा आणि मधुमेह असणाऱ्यांनीं साखरेचा विचार करावा. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांचें पाणी मर्यादित केलें आहे त्यांनीं डॉक्टरांना विचारावें. लघवी वाढविणारीं व हृदयाची गति मंद करणारीं औषधें उष्णता सोसण्याची शक्ति घटवितात. तीं आपल्या मतानें बंद न करतां, उन्हाळ्यापूर्वींच त्याविषयीं सल्ला घ्यावा.

तिसरी सोबत. उष्माघातांत बुद्धि आधीं भ्रमते, त्यामुळें रोग्याला आपली अवस्था उमगत नाहीं. पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, घेरी, ह्यांपैकीं कांहींहि दिसलें कीं सोबत्यानें त्याला थांबवावें, सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, ओल्या पंचानें अंग पुसावें व घोटघोट पाणी द्यावें. बोलणें असंबद्ध झालें किंवा शुद्ध हरपली, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा, मान, कांखा व जांघा ह्यांत बर्फ ठेवावें. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी मात्र घालूं नये. खिशांत कांदा ठेवल्यानें ऊन बाधत नाहीं ही समजूत निराधार आहे. त्यापेक्षां डोक्यावर टोपी व अंगांत सैल सुती सदरा अधिक उपयोगी.

हे सारे नियम दोन-अडीच महिन्यांपुरते आहेत. ते जो पाळील त्याचा व्यायाम खंडणार नाहीं, आणि मिरगाची पहिली सर येईल तेव्हां तो कोणाचा हात न धरतां अंगणांत येऊन उभा राहील.