शिक्षा संपते काय?

शुभवर्तमानात येशूच्या तोंडी नरकासाठी ‘गेहेन्ना’ हा शब्द येतो. जेरुसलेमजवळच्या हिन्नोमच्या दरीचे हे नाव. तेथे एके काळी मुले अग्नीत बळी दिली जात. ह्या अग्नीचे काम काय? तिसऱ्या शतकातील ऑरिजेन म्हणतो, शुद्धी. काहींच्या मते आत्मा जळून नाहीसाच होतो. ऑगस्टीन मात्र बजावतो : मत्तयाने जीवन आणि शिक्षा या दोहोंना ‘सार्वकालिक’ हे एकच विशेषण लावले आहे, शिक्षा संपली, तर स्वर्गही संपेल! कोटिक्रम बिनतोड खरा. पण इंग्लंडातील फ्रेडरिक मॉरिस म्हणाले, हा शब्द काळाची लांबी सांगतच नाही. सार्वकालिक जीवन म्हणजे ईश्वराची ओळख. शिक्षा म्हणजे तिला मुकणे. एवढ्या विवेचनापायी १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील त्यांची प्राध्यापकी गेली.