धण्याचं पाणी आणि पांढरी गोळी

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि घरच्यांनी काढा पुढे केला. आता घ्यायचं काय? हा निर्णय आपण बहुतेक वेळा कुणालाच न विचारता, गुपचूप घेऊन टाकतो. घोळ तिथेच होतो.

तुमच्या कपाटात, डिओच्या मागे किंवा मोज्यांच्या ढिगाखाली, एखादी अर्धवट संपलेली गोळ्यांची स्ट्रिप आहे का? जरा आठवून बघा. पिंपल्सची असेल, हिमोग्लोबिनची असेल, पीसीओएसची असेल. किंवा ज्याबद्दल रूममेटलाही सांगितलेलं नाही अशी, झोप आणि घाबरण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली. पहिले दहा दिवस इमानेइतबारे घेतली. मग कुणीतरी म्हणालं, ‘एवढ्याशा वयात गोळ्या? सवय लागेल हं.’ कुणीतरी एक रील पाठवलं. आणि स्ट्रिप हळूच मागे सरकली.

माझ्या कपाटात थायरॉइडच्या गोळ्यांची डबी होती. शंभर गोळ्यांची, छोटी, पांढऱ्या झाकणाची. सेकंड इयरला होते. लेक्चरला बसल्या बसल्या झोप लागायची, केसांचे पुंजके कंगव्यात यायचे आणि पुण्याच्या ऑक्टोबरमध्ये मला स्वेटर लागायचा. तपासणीत टीएसएच १६ निघाला. तो साधारण चार-साडेचारच्या आत हवा. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गोळी लिहिली, ‘रोज सकाळी उपाशीपोटी, बहुतेक आयुष्यभर’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सगळं मिळून चार मिनिटं.

‘आयुष्यभर’ हा शब्द घेऊन मी हॉस्टेलवर आले. वय वर्षं एकोणीस.

गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी टीएसएच तीनवर आला, झोप पळाली, मी माणसात आले. जानेवारीत एका लग्नात मावशीने विषय काढला. ‘अगं, रोज ते केमिकल कशाला पोटात घालतेस? धणे रात्री भिजत घाल, सकाळी उकळून पाणी पी. आमच्या शेजारणीचा थायरॉइड गेला त्याने.’ मावशी माझ्यावर जीव टाकते. डॉक्टरांनी चार मिनिटं दिली होती, तिने पूर्ण दुपार दिली. मी डबी मागे सरकवली आणि धणे आणले.

आणि खरं सांगू? मस्त वाटलं. एक आठवडा झाला, दोन झाले, काहीच बिघडलं नाही. मी दोन मैत्रिणींनाही धण्याचं पाणी सुरू करायला सांगितलं. मार्चअखेर वार्षिक परीक्षेचा अभ्यास करताना एकच पान चौथ्यांदा वाचत होते आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. आवाज जड झाला होता, सकाळी चेहरा सुजलेला असायचा. पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ३८.

मग आधी बरं का वाटलं?

हा प्रश्न मला छळत होता. उत्तर अगदी साधं आहे आणि ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. थायरॉइडच्या गोळीतलं लिव्होथायरॉक्सिन शरीरातून सावकाश जातं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे मी गोळी बंद केली तरी पुढचे काही आठवडे आधीच्या गोळ्यांवरच चालत होते. काम गोळी करत होती, नाव धण्यांचं होत होतं. शेजारणीच्या बाबतीत काय झालं होतं कुणास ठाऊक. पण पुढच्या वेळी कुणी सांगेल, ‘मी गोळ्या सोडल्या, मला तर काही झालं नाही’, तेव्हा विचारा, ‘सोडून किती दिवस झाले? आणि रिपोर्ट केलास का?’

‘बरं वाटणं’ आपल्याला असं वेगवेगळ्या ठिकाणी फसवतं. टीबीचं औषध सुरू झालं की काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन भरायला लागतं. पण साध्या टीबीलाही उपचार किमान सहा महिने घ्यावे लागतात, कारण जंतू अजून शिल्लक असतात. मध्येच सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचं उलटं. मळमळ, सुस्ती असे त्रास आधी जाणवतात आणि फायदा दिसायला काही आठवडे जातात. म्हणजे नेमकं ‘याने काही होत नाहीये, उगाच त्रास’ असं वाटतं तेव्हाच ती सोडावीशी वाटते. आणि एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, बेचैनी येऊ शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत थांबवायची असते.

प्रत्येक औषधाला स्वतःचं घड्याळ असतं. आपण मात्र ‘आज कसं वाटतंय’ एवढंच बघून निकाल लावतो.

नॅचरल, म्हणजे नक्की काय?

थायरॉइडवर ‘नॅचरल’ उपाय खरोखर होता बरं का. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. त्याआधी या आजारात माणूस सुजत, मंदावत जायचा आणि डॉक्टर बघत राहायचे. या बाई सुधारल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या. तेवढ्या वर्षांत त्यांच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद मरे यांनी करून ठेवली आहे. आजची गोळी कारखान्यात बनते, पण तिच्यातला रेणू आपली ग्रंथी बनवते तोच आहे. फरक इतकाच की मेंढी लागत नाही आणि प्रत्येक गोळीत माप सारखं असतं. मावशीचं ‘केमिकल’ ते हेच. धण्याच्या पाण्यात बाकी काय असेल ते असो, थायरॉक्सिन नसतं.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात पूर्वीपासून वापरली जाते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा वापर करून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातून काढलेलं रेसरपीन हे औषध पुढे जगभर वापरलं गेलं. म्हणजे झाडपाल्यात दम असतो, यात वादच नाही. पण त्याच रेसरपीनने काही रुग्णांना नैराश्य येतं असंही दिसलं आणि आज ते फारसं वापरलं जात नाही. ज्याच्यात परिणाम करायची ताकद आहे, त्याच्यात दुष्परिणाम करायचीही आहे. पान असो की पावडर.

करोनाच्या काळातला गुळवेलीचा काढा आठवतो? २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. लोकांनी घेतलेली वेल गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी असू शकते, असं म्हटलं. बरोबर कोण, ते बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा असा, की कुंडीतली वेल तोडून काढा करताना वेल कुठली आणि प्रमाण किती, हे आपल्यालाच माहीत नसतं.

प्रत्येक वेळी गोळीच का?

मुळीच नाही. सर्दी-खोकला विषाणूमुळे झाला असेल तर त्याला अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. आराम, गरम पाणी आणि आईचं आल्याचं चाटण बास. टीएसएच थोडासाच वाढलेला असेल तर बरेचदा डॉक्टर स्वतःच ‘थांबू, काही आठवड्यांनी पुन्हा बघू’ म्हणतात. पीसीओएसमध्ये व्यायाम, झोप, खाणं हा उपचाराचा पायाच आहे. सौम्य नैराश्यात समुपदेशनापासून सुरुवात करता येते. गोळी न घेणं हाही कधीकधी उपचारच असतो. अट एवढीच, की ते डॉक्टरांशी बोलून ठरलेलं असावं आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख कॅलेंडरवर असावी. तारीख नसेल तर ती नुसती टाळाटाळ.

काही ठिकाणी साधं गणित करून बघा. हिमोग्लोबिन कमी आलं की बीट आणतो. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. शाळेत आठवड्याला मिळायची ना ती निळी गोळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम असायचं. हिमोग्लोबिन आठवर आलेल्या मुलीला बिटाने बारावर न्यायचं म्हणजे टँकरचं काम वाटीने करणं. बीट खाच, पालेभाजी खा, लिंबू पिळा. पण भरपाई गोळीने होते. खाणं पुढे ती टिकवायला मदत करतं.

वैद्य काय म्हणाले

३८ चा रिपोर्ट बघून मावशी घाबरली. तिच्या विश्वासाच्या एका वैद्यांकडे मला घेऊन गेली. मला वाटलं, आता चूर्णांच्या पुड्या मिळणार. त्यांनी नाडी बघितली, मग दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘गोळी बंद करायला कुणी सांगितलं?’ मावशी खाली बघायला लागली. ‘आधी ती सुरू कर. बाकी काय घ्यायचं ते नंतर बोलू. आणि मी जे देईन ते तुझ्या डॉक्टरांनाही सांगायचं.’

डॉक्टर एक, वैद्य दुसरे. खरं सांगायचं तर दोघांशीही मी धड बोलले नव्हते. डॉक्टरांच्या चार मिनिटांत मी एकही प्रश्न विचारला नव्हता. नंतर विचारले, तेव्हा त्यांनीही नीट उत्तरं दिली. त्यात असं काय काय कळलं, जे आधी माहीतच नव्हतं. गोळीनंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर. केसांसाठी ज्या गमीज मी चघळत होते, त्यातल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्टच चुकू शकतो, म्हणून रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद. अश्वगंधाही थायरॉइडच्या पातळीवर परिणाम करू शकते, म्हणून जिमवाल्या मित्राने दिलेला डबा मनाने सुरू करायचा नाही.

हे प्रश्न मोबाइलमध्ये लिहून घेऊन जा

पुढच्या वेळी दवाखान्यात खुर्चीवर बसलात की उठण्याआधी एवढं विचारा:

– मला नेमकं काय झालंय आणि ते कशावरून ठरवलं?
– ही गोळी घेतली नाही तर काय होईल? किती दिवसांत?
– गुण यायला किती वेळ लागेल आणि तो कशाने मोजायचा?
– कोणता त्रास झाला तर चालवून घ्यायचा आणि कोणता झाला तर लगेच फोन करायचा?
– गोळीऐवजी आधी दुसरं काही करून बघता येईल का? किती दिवस?
– मी हा काढा, ही पावडर, या गमीज घेते किंवा घेतो. चालेल ना?

शेवटचा प्रश्न विचारायला सगळ्यात जास्त लाज वाटते. डॉक्टर ओरडतील म्हणून आपण लपवतो, घरचे ओरडतील म्हणून गोळी लपवतो. आणि आपण शरीरात काय काय घालतोय, याचा पूर्ण हिशोब कुणाकडेच राहत नाही. डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर दुसरे डॉक्टर गाठा, तो तुमचा हक्क आहे. खर्चाची अडचण असेल तर तेही स्पष्ट सांगा. जनऔषधी केंद्रात पुष्कळ औषधं स्वस्तात मिळतात. गोळी बंद करायची असेल तरी करा, पण सांगून. गुपचूप नको.

माझी सकाळ आता साडेसहाच्या अलार्मने सुरू होते. एक गोळी, ग्लासभर पाणी, मग अर्धा-पाऊण तास चहाची वाट बघणं. ‘आयुष्यभर’ हा शब्द आता तेवढा जड वाटत नाही. चष्मा पाचवीपासून आहे, त्याचं कुठे ओझं वाटतं? धण्याचं पाणी अजूनही पिते, उन्हाळ्यात, संध्याकाळी. मावशी फोनवर विचारते, ‘घेतलंस का गं?’ मी म्हणते, ‘घेतलं.’ मग तीच हळूच पुढचं विचारते, ‘आणि गोळी?’