द्विध्रुवी मनोविकार : औषध, झोप आणि सोबत

खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावर उपचार आणि संशोधन करणारी संस्था आहे. 'ॲक्ट्रेक' या नावाने ती ओळखली जाते. लांबलांबहून रुग्ण तेथे येतात आणि आसपासच्या वसाहतींना त्याची सवय झालेली आहे. एखाद्या इमारतीत कर्करोगाचा रुग्ण असेल तर शेजारी डबा पाठवतात, रक्तदाते शोधतात, 'केमो कितवी झाली?' असे मोकळेपणाने विचारतात. त्याच इमारतीत द्विध्रुवी मनोविकाराचा, म्हणजे बायपोलर आजाराचा रुग्ण असला तर? मुलगा दोन महिने दिसला नाही, तर 'गावाला गेलाय' एवढेच उत्तर मिळते. डबा जात नाही, कारण आजार आहे हे कोणाला कळतच नाही.

हा फरक आपुलकीचा आहेच, पण त्यात शास्त्राचाही प्रश्न आहे. द्विध्रुवी मनोविकारात जवळच्या माणसाची सोबत ही औषधासारखाच उपचाराचा भाग असते. असे का, हे समजण्यासाठी आधी आजाराचे स्वरूप पाहू.

आजार कसा ओळखावा?

एक गल्लत सुरुवातीलाच दूर करायला हवी. खारघरमध्येच बौद्धिक अक्षमतेसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांना अनेकजण एकच समजतात. बौद्धिक अक्षमता बालपणापासून असते आणि ती शिकण्याच्या क्षमतेशी निगडित असते. द्विध्रुवी मनोविकारात बुद्धी शाबूत असते. आजार येतो, ओसरतो आणि पुन्हा येऊ शकतो. मधल्या काळात तीच व्यक्ती उत्तम शिकते, शिकवते, नोकरी करते.

समजा, बारावीच्या वर्गातील एक मुलगी आहे. डिसेंबरात ती रात्री जेमतेम तीन तास झोपते आणि तरीही सकाळी ताजीतवानी असते. भराभर बोलते, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारते. अभ्यासाचे वेळापत्रक, नाटक आणि नवा व्यवसाय अशा तीन योजना एकाच दिवशी सुरू करते. घरातले पैसे वाटून टाकते, कोणी अडवले तर भांडते. शिक्षकांना वाटते, मुलगी परीक्षेच्या तयारीने भारून गेली आहे. फेब्रुवारीत हीच मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते. अंघोळ करणेही तिला डोंगर चढण्यासारखे वाटते. आपण कोणाच्याच कामाच्या नाही, हा विचार तिला सोडत नाही.

पहिली अवस्था उन्मादाची, दुसरी नैराश्याची. चुंबकाच्या दोन ध्रुवांसारखी ही मनाची दोन टोके असल्याने आजाराला द्विध्रुवी म्हणतात. ही दोन्ही टोके एकाच आजाराची आहेत, असे फाल्रे आणि बायारझे या दोन फ्रेंच वैद्यांनी १८५४ साली वेगवेगळे मांडले होते.

सकाळी आनंदी आणि संध्याकाळी उदास असणारा विद्यार्थी म्हणजे द्विध्रुवी रुग्ण नव्हे. निदानासाठी काळाची अट असते. उन्मादाची लक्षणे किमान एक आठवडा आणि नैराश्याची किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकावी लागतात. उन्माद इतका तीव्र असतो, की रोजचे व्यवहार कोलमडतात. काहींमध्ये तो सौम्य असतो, चार दिवस वा अधिक टिकतो आणि उत्साहाच्या नावाखाली खपून जातो. अशा व्यक्तीचे नैराश्य तेवढे डॉक्टरांपर्यंत पोहोचते.

भारतात २०१७ साली या आजाराचे सुमारे ७६ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या आजाराच्या दर दहांपैकी सुमारे सातजण उपचारांविना असल्याचे आढळले. आजाराची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. म्हणजे पहिली लक्षणे दिसतात, तेव्हा मूल बहुधा आपल्याच वर्गात असते.

शरीरातले घड्याळ

हा आजार आईवडिलांच्या चुकीमुळे, अतिलाडामुळे किंवा कमकुवत मनामुळे होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मात्र कोणतेही एक जनुक त्याला जबाबदार नाही, अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम एकत्र येतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. म्हणजे परिस्थितीलाही महत्त्व आहे, आणि त्यातली सर्वांत हाती असलेली गोष्ट म्हणजे झोप.

मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक छोटा पुंजका शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ चालवतो. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून हे घड्याळ रोज जुळवून घेतले जाते. द्विध्रुवी मनोविकारात ही यंत्रणा नाजूक असते. सलग दोन-तीन जागरणे उन्माद सुरू व्हायला पुरेशी ठरू शकतात. आपल्याकडे जागरणांना तोटा नाही. परीक्षेचा अभ्यास, लग्नघर, गणपतीतली आरास, रात्रपाळी ही त्याची नेहमीची निमित्ते. ठराविक वेळी झोपणे, उठणे आणि जेवणे हा साधा उपदेश या रुग्णांच्या बाबतीत उपचाराचा भाग बनतो.

तिसरे मूलद्रव्य

या आजारावरचे सर्वांत जुने आणि आजही महत्त्वाचे औषध आवर्तसारणीत तिसऱ्या जागी आहे. हायड्रोजन, हेलियम आणि मग लिथियम. ज्योतीला किरमिजी रंग देणारा हा हलका धातू १८१७ साली स्वीडनमध्ये एका खनिजात सापडला.

ऑस्ट्रेलियातील जॉन केड हे मनोविकारतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांचे युद्धकैदी होते. उन्मादाच्या रुग्णाच्या शरीरात एखादे विष तयार होत असावे आणि ते लघवीत सापडेल, असा त्यांचा तर्क होता. गिनीपिगवरच्या प्रयोगांसाठी युरिक आम्लाचा सहज विरघळणारा क्षार हवा, म्हणून त्यांनी लिथियम युरेट घेतले. मूळ तर्क चुकीचा निघाला, पण लिथियम दिलेले प्राणी शांत झालेले दिसले. केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिले, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिले आणि १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे डेन्मार्कमध्ये मॉगेन्स शौ यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या काटेकोर चाचण्यांनी त्याला बळ दिले.

केड यांच्या पहिल्या रुग्णाची हकिगत मात्र पूर्ण वाचायला हवी. अनेक वर्षे उन्मादात असलेला हा मनुष्य १९४८ साली काही महिन्यांच्या औषधाने घरी गेला, कामावरही रुजू झाला. बरे वाटू लागल्यावर त्याने औषधाकडे दुर्लक्ष केले, मग ते बंदच केले. सुमारे सहा महिन्यांत आजार उलटला आणि तो पुन्हा रुग्णालयात आला. पुढे १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा रक्तातील लिथियम मोजण्याची पद्धत रुळलेली नव्हती.

या एका हकिगतीत दोन धडे आहेत. पहिला रसायनशास्त्राचा. रक्तातील लिथियमची उपयुक्त पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर असते आणि १.५ च्या पुढे विषारी परिणाम दिसू लागतात. ही पट्टी अरुंद आहे. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागवते. घाम, जुलाब किंवा उलट्यांनी शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले, की मूत्रपिंड सोडियम वाचवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही परत रक्तात घेते. पातळी चढते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील समारंभात उन्हाने माणसे दगावली, हे वाचकांना आठवत असेल. अशा उन्हात लिथियम घेणाऱ्याला इतरांपेक्षा जास्त धोका असतो. निर्जळी उपवास टाळणे, मीठ एकाएकी कमी न करणे, डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या न घेणे आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासणे ही पथ्ये त्यातून येतात. हात जोराने थरथरणे, उलट्या, झोकांड्या जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

दुसरा धडा माणसाचा. बरे वाटल्यावर औषध सोडावेसे का वाटते?

सोबत कशासाठी?

काविळीचा रुग्ण आरशात आपले पिवळे डोळे पाहू शकतो. उन्मादात तसे होत नाही. ज्या मेंदूने 'मी आजारी आहे' हे ओळखायचे, तोच आजारी असतो. रुग्णाला वाटते, मी इतका बरा कधीच नव्हतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन याच आजारावर संशोधन करतात आणि त्यांना स्वतःलाही तो आहे. उन्मादाच्या उंचीची ओढ वाटून आपण लिथियम वारंवार सोडले, असे त्यांनी १९९५ साली आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले. एवढे ज्ञान असलेल्या व्यक्तीचे असे होते, तर इतरांना दोष कसा द्यावा?

नैराश्यातही अर्धीच बाजू पुढे येते. रुग्ण डॉक्टरांना उदासी सांगतो, मागच्या वर्षीचे झपाटलेले दिवस त्याला आजार वाटतच नाहीत. अशा रुग्णाला केवळ नैराश्यविरोधी औषध दिले तर काही वेळा उन्माद उसळू शकतो. ती राहिलेली अर्धी हकिगत बरोबर आलेली बहीण किंवा मित्र सांगतो. सोबत उपचाराचा भाग आहे, ती या अर्थाने.

याचे मोजमापही झाले आहे. इंग्लंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६९ रुग्ण होते. त्यांपैकी काहींना आपापली पूर्वलक्षणे ओळखून वेळीच डॉक्टर गाठायला शिकवले. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटातील पाव रुग्णांचा उन्माद १७ आठवड्यांत उलटला, शिकवलेल्या गटात तेवढ्यांना ६५ आठवडे लागले. बार्सिलोनात १२० रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. औषधे दोन्ही गटांना होती. एका गटाने आजार समजून घेण्याच्या २१ बैठका केल्या, दुसऱ्याने नुसत्याच भेटी. दोन वर्षांत बैठका घेतलेल्यांपैकी ६७ टक्क्यांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात ९२ टक्क्यांचा. सोबतीने आजार जात नाही, पण त्याचे फेरे कमी होतात.

आपल्या देशात हे फार पूर्वी ओळखले गेले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहायला बोलावले. नातेवाईक उपचार पाहत, शिकत आणि घरी जाताना ते ज्ञान बरोबर नेत.

खारघरमध्ये कोण बघणार?

चाळीच्या गॅलरीत कोणाचा दिवा रात्रभर जळतो, हे सर्वांना दिसे. सिडकोने वसवलेल्या खारघरमध्ये दारे बंद असतात, आईवडील हार्बरच्या लोकलने कामाला गेलेले असतात, काका-मामा गावाकडे असतात. मग मुलाची झोप कमी झाल्याचे कोणाच्या लक्षात येणार? जी नजर पूर्वी आपोआप मिळे, ती येथे ठरवून उभी करावी लागते.

त्यासाठी एक साधा कागद पुरतो. रुग्ण बरा असताना, त्याच्याच संमतीने, तो लिहायचा. माझी पहिली तीन लक्षणे कोणती, ती दिसल्यास मला कोणी सांगायचे, कोणत्या डॉक्टरांना कळवायचे, त्या काळात पैशांचे व्यवहार कोणी पाहायचे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याने या विचाराला कायद्याचे रूप दिले. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कसे उपचार व्हावेत, हे प्रौढ व्यक्ती आधी लिहून ठेवू शकते आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकते. विम्याच्या बाबतीतही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे, असे हा कायदा सांगतो. कर्करोगाशेजारी या आजाराला कायद्याने तरी जागा मिळाली आहे.

मदतीची ठिकाणेही माहीत हवीत. खारघर रायगड जिल्ह्यात असल्याने जिल्हा रुग्णालय दूर अलिबागला आहे. ठाणे मात्र थेट लोकलने गाठता येते. तेथे सरकारी मनोरुग्णालय आहे, तसेच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याचे काम करणारी 'आयपीएच' ही संस्था आहे. आजारी व्यक्तींचे आणि कुटुंबीयांचे स्वमदत गट कोठे चालतात, याची चौकशी अशा ठिकाणी करता येते. जाणे शक्य नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास विनामूल्य चालतो, मराठीतही बोलता येते. या आजारात आत्महत्येचा धोका बराच वाढतो. विद्यार्थी मरणाची भाषा बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये आणि 'मनात असा विचार येतो का?' हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

शिक्षकाने निदान करू नये, ते डॉक्टरांचे काम आहे. पण दिवसाचे पाच-सहा तास मूल त्याच्यासमोर असते. अक्षर बदलले, बोलण्याचा वेग बदलला, डबा न उघडता परत जाऊ लागला, हे त्याला घराआधी दिसू शकते. ते तारखेसह टिपून ठेवावे आणि पालकांना एकांतात, तक्रारीच्या सुरात न बोलता, सांगावे. आजारातून उठून परत आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी जागा, वह्या आणि थोडी सवलत मिळावी. 'कुठे होतास?' हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. रक्ततपासणीचा दिवस असेल तर सुट्टी कोणत्याही तपासणीला देतो तशीच, जास्त चौकशी न करता द्यावी.

आणि आवर्तसारणी शिकवताना लिथियमपाशी दोन मिनिटे थांबावे. बॅटरीत वापरले जाते, हे आपण सांगतोच. याच मूलद्रव्याच्या गोळीने लाखो माणसे आपापल्या कामावर परत जातात, हेही सांगावे. ती गोळी रोज घेणारा एखादा विद्यार्थी कदाचित त्याच वर्गात बसलेला असेल.